निफाडचा पारा नेमका कुठला?

थंडी पडली की 'निफाड गारठलं' ही बातमी ठरलेली. सोबत शेकोटीचा फोटो. पारा उतरून गेल्यावर छापलेल्या या बातमीचा द्राक्षबागायतदाराला काडीचा उपयोग नाही. आम्हाला आदल्या संध्याकाळी कळायला हवं, आणि तेही आमच्या बांधापुरतं. म्हणून हे मुद्दे.

१. निफाडचा म्हणून जो आकडा फिरतो, तो बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. २०१८च्या डिसेंबरअखेरीस तिथं पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. आकडा खरा, पण त्या आवारातला. निरभ्र रात्री वारा पडला की जमीन उष्णता सोडते, तिला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारानं वाहत सखलात साचते. आमची बाग कादवा नदीच्या अंगाला, खोलगटात; घर टेकाडावर. दोन्हीकडे मी साधे तापमापक टांगलेत. अंतर जेमतेम चारशे मीटर, पण पहाटे दोन-अडीच अंशांचा फरक कितीदा तरी दिसतो. महाबळेश्वरातही तेच. वेण्णा तलावाशी जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर असतो, त्याच पहाटे वेधशाळेचा पारा मात्र शून्याच्या बराच वर. (त्याला 'बर्फ पडला' म्हणतात. पडत काहीच नाही. ते दहिवर, जागच्या जागी गोठलेलं.) शिवाय वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर. उघड्या आभाळाखालचं पान त्याहून गार होतं.

२. 'थंडीची लाट' ही आमची मोजपट्टी नव्हे. सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असलं की लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तरी लाट. वेलीला या व्याख्येशी देणंघेणं नाही. मणी लहान असताना थंडी रेंगाळली की फुगवण थांबते. माल पाणी भरत असताना दुपार तापलेली आणि पहाट गार असली की मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल बाजूला पडतो. म्हणजे एकाच पहाटेचा अर्थ दोन शेजाऱ्यांना वेगळा. सल्ला छाटणीच्या तारखेवरून द्या.

३. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांचा. फवारणी ठरवायला तो चांगला. पण शेकोट्या पेटवायच्या की ठिबक सोडायचं, हे रात्री आठला ठरतं, आणि मध्यरात्री ढग आले की सगळा हिशेब फिरतो. त्यातून शेतीची वीज पाळीनं. ज्याची पाळी दिवसाची, त्यानं पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेला द्यायचं कसं? थंडीच्या इशाऱ्याबरोबर त्या रात्रीपुरती पाळी बदलावी.

४. मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम आली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं हे काम मोठंच आहे. तरी त्या चौकटीत कादवेचा काठ आणि माझं टेकाड एकत्रच बसतात. उरलेली दुरुस्ती स्थानिक नोंदींनीच होणार. 'कुंदेवाडीला ७ सांगितलेत, वारा नाही, म्हणजे आपल्याकडे ५' हे दोन-तीन हिवाळ्यांच्या वहीतून कळतं, यंत्रातून नाही.

५. चुका जाहीर करा. ६ सांगितले नि ९ निघाले, तर तेही गावच्या फलकावर लिहा. सारखा दोन अंशांनी चुकणारा अंदाजही कामाचा असतो, कारण त्यात दोन मिळवता येतात. कधी वर, कधी खाली चुकणाऱ्याचं काय करायचं?

६. खर्च म्हणाल तर किमान-कमाल तापमापक एका फवारणीपेक्षा स्वस्त. ग्रामपंचायतीनं दिवाळीआधी पाच लावावेत: दोन उंचावर, तीन सखलात, भिंतीपासून लांब. रात्रीचा नीचांक तो धरून ठेवतो, त्यामुळे पहाटे कुणी उठायला नको. शाळेत जाता जाता पोरांनी आकडा उतरवून घेतला तरी चालेल.