शाळेला कपाट नको, ग्रंथपाल हवा

रायपूरच्या ब्राह्मणपारा-कंकालीपारा भागातील आनंद समाज वाचनालयाने वयाची शंभरी केव्हाच ओलांडली. १९२० च्या डिसेंबरात गांधीजी रायपूरला आले, तेव्हा याच वाचनालयाच्या आवारात स्त्रियांची सभा भरली आणि टिळक स्वराज्य फंडासाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, असे या शहराचा इतिहास सांगतो. त्याच्याही वीस वर्षे आधी, जानेवारी १९०० मध्ये, माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर या मराठी भाषक संपादकांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्याचे प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. वाचन ही सार्वजनिक गोष्ट आहे, ती घडवून आणण्यासाठी कोणीतरी अंग मोडून काम करावे लागते, हे त्या पिढीला ठाऊक होते.

आज त्याच परिसरातील मूल शाळेत जाते तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्याच परिशिष्टात शाळेसाठी जी माणसे मोजली आहेत, त्यांत ग्रंथपाल नाही. शिक्षक आहे, मुख्याध्यापक आहे, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षकही आहेत. ग्रंथालय आहे, पण ग्रंथालय चालविणारा नाही! २०१८ पासूनच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांना दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान ठरविण्यात आले. हे पैसे पुस्तकांचे आहेत. ती पुस्तके मुलांच्या हाती देणाऱ्याच्या वेतनाची तरतूद त्यात नाही.

याचा परिणाम उघड आहे. पुस्तकांचा भार एखाद्या वर्गशिक्षकावर टाकला जातो. निवडणूक, जनगणना, माध्यान्ह भोजन ही कामे त्याच्या मागे लागलेलीच असतात. पुस्तके साठा नोंदवहीत त्याच्या नावावर चढतात. एखादे हरवले तर तपासणीच्या वेळी जाब त्यालाच द्यावा लागतो. मग तो कपाटाला कुलूप लावतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या व्यवस्थेत पुस्तक फाटले तर दंड आहे आणि न वाचले गेले तर कोणी विचारीत नाही, तेथे कुलूप हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. दोष त्या माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

दुसऱ्या बाजूला या कामाचे शिक्षण घेतलेले तरुण-तरुणी आहेत. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकविले जाते. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपाल व्हायचे तर या शास्त्राची पदवी किंवा पदवीनंतर या शास्त्राची पदविका लागते. पण अशा शाळा किती आणि जागा किती? महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांमध्ये ग्रंथपालाचे पद आहे, तेही पटसंख्येच्या मापाने. असंख्य ग्रंथपालांनी उमेदीची वर्षे ‘अर्धवेळ’ या शिक्क्याखाली घालविली आणि पूर्णवेळ होण्यासाठी निवेदने व मोर्चे यांचाच आधार घेतला. काम पूर्ण, पदवी पूर्ण, पगार मात्र अर्धा!

कोणी म्हणेल, आता सारे ज्ञान मोबाइलवर आले आहे, मग ग्रंथपाल कशाला? उत्तर असे की, म्हणूनच तो अधिक हवा. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती रोज शेकडो संदेश, चित्रे आणि चलच्चित्रे येऊन पडतात. त्यांतले खरे कोणते, बनावट कोणते, कोणी कशासाठी पसरविले, हे पारखण्याची सवय पाठ्यपुस्तक लावीत नाही. म्हणूनच अनेक देशांत शालेय ग्रंथपालाकडे माध्यमांच्या शिक्षणाचेही काम सोपविलेले असते. अमेरिकेतील अनेक राज्यांत या पदासाठी ग्रंथालयशास्त्राबरोबर शिक्षकाची पात्रताही मागितली जाते. युनेस्कोने १९९९ साली मान्य केलेल्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यातही ग्रंथपाल हा व्यावसायिक पात्रता असलेला कर्मचारी मानला आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालये उभारली आणि लगोलग ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्गही सुरू केला. पुस्तकांबरोबर माणूस तयार केला पाहिजे, हे तेव्हाच्या एका संस्थानाला कळले होते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणिताचे अध्यापक होते. शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्यात भिंत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरूनच दिसते. आजच्या अभ्यासक्रमांनी ही भिंत उभी केली आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गीकरण येते, पण चौथीच्या मुलापुढे गोष्ट कशी वाचावी हे त्याला क्वचितच शिकविले जाते. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ घेता येतो, पण ग्रंथसंग्रह कसा निवडावा हे कोणी सांगत नाही.

२०१८ साली रायपुरात नालंदा परिसर उभा राहिला. तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण रात्रंदिवस अभ्यास करू शकतात. ही सोय चांगलीच आहे. परंतु विशीत अभ्यासिकेत येणाऱ्या तरुणाला सातव्या वर्षी गोष्टीचे पुस्तक मिळाले होते काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. सुखवस्तू घरातील मुलाला ते घरी मिळते. रिक्षाचालकाच्या, मोलकरणीच्या मुलीला ते शाळेतच मिळू शकते, अन्यथा कोठेच नाही.

म्हणून मागणी साधी आणि स्पष्ट असली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ग्रंथपालाचे पद घाला. एका शाळेला ते पेलत नसेल तर शेजारच्या दोन-तीन शाळांसाठी एक ग्रंथपाल नेमा, पण पूर्ण वेतनावर. त्याच्या प्रशिक्षणात बालसाहित्य, अध्यापन आणि माध्यमांची पारख यांना स्थान द्या. वापराने झिजलेल्या पुस्तकाची वसुली बंद करा. आधी पद, मग प्रमाणपत्र. पद नसताना प्रमाणपत्र मागत राहणे ही सुशिक्षित बेकारांची निव्वळ थट्टा आहे.

कपाटे पुष्कळ झाली. आता त्यांची कुलपे काढणारी माणसे नेमा.