पाहुण्यांची चूल

‘हक्का’ हा शब्द आज इंदूरपासून बेळगावपर्यंत कोणत्याही गावच्या हातगाडीवर रंगविलेला आढळतो. मुलांच्या तोंडी तो शेवयांच्या एका चमचमीत प्रकाराचे विशेषण होऊन बसला आहे. वस्तुतः ते एका जनसमूहाचे नाव होय. ‘हक’ म्हणजे पाहुणा, ‘का’ म्हणजे घर. हक्का म्हणजे पाहुणी घराणी. स्वप्रांताबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आमच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये.

हे लोक मूळचे उत्तर चीनचे, आणि चौथ्या शतकापासून स्वाऱ्या व बंडाळ्या यांमुळे टप्प्याटप्प्याने दक्षिणेस सरकले, असे त्यांची परंपरा मानते. क्वांगतुंग, फूच्येन व च्यांगशी या प्रांतांत ते पोहोचले तेव्हा सखल भातजमीन आधीच्या रहिवाशांनी व्यापलेली होती. यांच्या वाट्यास डोंगरउतार आले. स्थानिकांशी त्यांचे वैर इतके विकोपास गेले, की १८५५ ते १८६७ या काळात क्वांगतुंगमध्ये उभयपक्षी उघड रणकंदन माजले. फूच्येनमधील मातीचे प्रचंड गढीवजा वाडे याच असुरक्षिततेची साक्ष देतात. त्यांतील अनेक हक्कांचे आहेत. तळमजल्यावर ओळीने स्वयंपाकघरे, त्यांवर धान्याची कोठारे आणि निजावयाच्या खोल्या त्याहून वर, अशी त्यांची रचना. २००८ मध्ये युनेस्कोने असे ४६ वाडे जागतिक वारशात समाविष्ट केले. वेढा पडला तरी चूल विझू नये, ही त्यातील योजना आम्हांस मोठी बोलकी वाटते.

अशा जीवनातून जी पाककला उपजली, तिचा सगळा भर टिकवण्यावर. मोहरीच्या जातीची पालेभाजी मीठ लावून मुरवावयाची, उन्हात वाळवावयाची, पुन्हा वाफवून पुन्हा वाळवावयाची. शेवटी ती काळसर, चिवट आणि सुगंधी होते व दीर्घकाळ टिकते. आपल्याकडील वाळवणाच्या सोहळ्याशी तिचे नाते भगिनीवर्गास सांगावयास नको. सणासुदीस डुकराच्या मांसाचे चरबीदार काप या भाजीवर रचून तास-दोन तास वाफवितात (शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी). मांस थोडे आणि खाणारी तोंडे पुष्कळ; पण चरबी त्या सुक्या भाजीत उतरते आणि भाताबरोबर तीच अधिक चवीने खाल्ली जाते. सोयाबीनच्या दुधाच्या वड्यांना खाचा पाडून त्यांत मांसाचे सारण भरण्याची रीतही अशीच. उत्तरेकडे गव्हाच्या पारीत सारण भरीत. दक्षिणेत गहू दुर्मीळ, म्हणून या वड्यांची पारी केली, असे सांगतात. कथा कितपत खरी असेल ती असो, युक्ती खरी आहे.

गृहिणींच्या श्रमांविषयी एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. चीनमध्ये जेव्हा मुलींची पावले बांधून खुरटविण्याची क्रूर चाल होती, तेव्हा हक्का स्त्रियांनी ती सहसा पाळली नाही. शेतात उभे राहावयाचे, लाकूडफाटा आणावयाचा आणि चूलही सांभाळावयाची, त्यांना बांधलेली पावले कशी परवडणार?

यांतील काही घराणी पोटासाठी हिंदुस्थानात आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जच्या काळी तोंग अची नामक चिनी गृहस्थाने कलकत्त्याच्या दक्षिणेस साखरेचा कारखाना काढला. त्या जागेस अद्याप अचिपूर म्हणतात. पुढे मेइश्येन भागातील हक्कांनी शहराच्या पूर्वेस टांगरा येथे कातडी कमावण्याचा धंदा उभारला. इतरांनी ज्यास हात लावू नये असे मानले, ते काम पाहुण्यांनी उचलले. तेथेच त्यांनी काली मातेचे देऊळ बांधले. तिला नूडल्सचा नैवेद्य दाखवितात.

१९६२ च्या युद्धाने या संसारांवर वरवंटा फिरला. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांत बायका-मुले व वृद्धही आले, राजस्थानातील देवली येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले (ही वर्ध्याजवळची देवळी नव्हे). त्यांतील बहुतेक आसाम व उत्तर बंगालकडील होते. चौकशी नाही, खटला नाही. काही कुटुंबे १९६७ पर्यंत तेथे खितपत पडली. त्या छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्यासमवेत २०२० मध्ये या प्रकरणावर पुस्तक प्रसिद्ध केले. आमच्या शालेय इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेस एक ओळही मिळू नये, याचा आम्हांस खेद होतो. सुटून आलेल्यांपैकी कित्येकांची घरेदुकाने गेली होती. अनेकांनी देश सोडला.

पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव टांगऱ्याचे कातडीधंदे हलविण्याचा आदेश दिला. कित्येक कारखान्यांच्या जागी भोजनगृहे थाटली गेली. गिऱ्हाईक हिंदी, म्हणून हिरवी मिरची, लसूण, आले यांचा सढळ वापर. ‘मांचुरियन’ हा पदार्थ तर कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत प्रथम केला, असे म्हणतात. मांचुरियाशी त्याचा संबंध नाही. हातगाडीवरील ‘हक्का’ही याच पंगतीतला. विक्रीसाठी एक चव आणि घरच्यांसाठी दुसरी, अशी ही दुहेरी पाकसिद्धी होय. दुकानाने घर जगविले खरे, परंतु दुकानाची चव जगजाहीर झाली आणि घरची अनोळखी राहिली. कलकत्त्यात आता चिनी वस्ती काही हजारांवर आली आहे. तरुण मंडळी परदेशी जातात. मुरवून वाळविलेल्या भाजीची कृती ज्यांच्या हातात आहे, त्या वृद्धा मागे उरतात.

टांगऱ्याहून गेलेली बरीच घराणी कॅनडात, टोरांटो नगरीत स्थायिक झाली. तेथेही त्यांनी ‘हक्का’ अशी पाटी लावून खाणावळी काढल्या. त्यांत मिळतात ते मिरची घातलेले कोंबडीचे तुकडे आणि मांचुरियन. म्हणजे तेथे ‘हक्का’ या शब्दाचा अर्थ कलकत्त्याचे खाणे असा झाला आहे, आणि मेइश्येनहून थेट आलेल्या माणसास ते ओळखीचे वाटण्याचे काही कारण नाही.