खाते आपले, किल्लीही आपल्याच हाती

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत शिष्यवृत्तीच्या फॉर्मची धावपळ सुरू होते. पूर्वी हा फॉर्म कॉलेजच्या खिडकीवर मिळे. आता तो ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरावा लागतो. जातीचा व उत्पन्नाचा दाखलाही ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मागवता येतो. पण संगणक म्हटले की पालक बिचकतात आणि सारे काही सायबर कॅफेवाल्याच्या हवाली करतात. म्हणून आज या विषयावर थोडे.

एके काळी सॉफ्टवेअर फ्लॉपी किंवा सीडीवरून संगणकात भरावे लागे. या पोर्टलला ते लागत नाही. क्रोम किंवा फायरफॉक्ससारखा ब्राउझर उघडून पत्ता टाकला की काम सुरू. एखादा रकाना रिकामा राहिला तर लगेच सूचना येते, ते बहुधा ब्राउझरमध्येच चालणाऱ्या जावास्क्रिप्टचे काम. ही भाषा १९९५ साली आली. आपण भरलेली माहिती मात्र त्या संगणकात नव्हे, दूरच्या सर्व्हरवर साठते. त्यामुळे कळव्यात सेव्ह केलेला अर्ज कल्याणला दुसऱ्या संगणकावर पुढे भरता येतो. सोय मोठी, पण धोकाही तिथेच. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याच्या हाती खाते.

वस्तीतल्या मुलांचे फॉर्म पाहताना आम्हाला वारंवार आढळते की पासवर्ड दुकानदारालाच ठाऊक आणि मोबाइल नंबरही त्याचाच. अर्ज आधी कॉलेजात, मग समाजकल्याण खात्यात तपासला जातो. त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याच्या खात्यात परत येतो. खाते उघडताच येत नसेल तर हे कळणार कसे? मुलगी पैशाची वाट पाहत बसते, मुदत निघून जाते आणि वर्षाची शिष्यवृत्ती बुडते.

तेव्हा पालकांनो, फॉर्म भरताना मुलाला शेजारी बसवा. नंबर घरचाच द्या. पासवर्ड व अर्ज क्रमांक वहीत लिहून ती वही घरीच ठेवा. कॅफेत ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असे ब्राउझरने विचारले तर नाही म्हणा. उठताना लॉगआउट करा, डाउनलोड केलेले दाखले पुसा. नंतर आठवड्यातून एकदा घरच्या मोबाइलवर अर्जाची स्थिती पाहा. ओटीपी कोणालाही सांगू नका.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. इतक्या वर्षांचा हा हक्क एका पासवर्डपायी गमावू नका.