सातबाऱ्याबाहेरचे नुकसान

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीनेकाठी जो जलप्रलय झाला, त्यानंतर राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये 31,628 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ही रक्कम पुरेशी की अपुरी, यावर पुष्कळ वाद झाला. तो व्हावयासही हवा होता. परंतु त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न नेहमीप्रमाणे बाजूला पडला. साहाय्य किती, याइतकेच ते कोणाच्या हाती पडते यालाही महत्त्व आहे. आणि आपल्याकडे ते पिकाच्या मागे न जाता सातबाऱ्याच्या मागे जाते.

पंचनाम्याची रीत सर्वपरिचित आहे. ग्राम महसूल अधिकारी (गाव त्याला अजून तलाठीच म्हणते, 2024 मध्ये पदनाम बदलले, सज्जा तोच राहिला), कृषी खात्याचा कर्मचारी आणि ग्रामपंचायतीचा अधिकारी शिवारात जातात. नुकसान 33 टक्के वा त्याहून अधिक ठरले तर ते मदतीस पात्र. केंद्राने 2022 ते 2026 या कालावधीसाठी ठरविलेल्या निकषांत जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये असे दर होते. यादी मात्र खातेदारांची होते आणि पैसे खातेदाराच्या बँक खात्यात जमा होतात. शेत कोणी पेरले होते, हा प्रश्न या साऱ्या सोपस्कारात कोठेही विचारला जात नाही.

तो विचारावयास हवा, कारण कसणारा आणि खातेदार आता सर्वत्र एक राहिलेले नाहीत. कोठे बटाई, कोठे अर्धेली, कोठे खंड, तर विदर्भात मक्ता. बटाईत निदान मालकही निम्म्या नुकसानीचा धनी असतो. खंडाची गोष्ट वेगळी. तेथे मालकाने पाडव्यालाच रक्कम मोजून घेतलेली असते. बियाणे, खत, फवारणी, मजुरी हा सर्व खर्च कसणाऱ्याचा, बहुधा सावकाराकडून उचललेला. सोयाबीन पाण्याखाली गेले की नुकसान त्याचे आणि भरपाई मालकाची, असा हा न्याय! काही मालक ती रक्कम प्रामाणिकपणे वाटून देतातही; पण ज्याचा हक्क आहे त्याने ती दुसऱ्याच्या भलेपणावर का मिळवावी? पीकविम्याचे दार त्याला तत्त्वतः उघडे आहे, तथापि आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. असा करार त्याला कोण लिहून देणार?

न देण्याचे कारण इतिहासात आहे. 1948 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनापासून कूळ जमिनीचे मालक मानले गेले. मराठवाड्यासाठी 1950 चा हैदराबादचा आणि विदर्भासाठी 1958 चा स्वतंत्र कायदा होता. त्या कायद्यांनी असंख्य कुटुंबांना जमीन दिली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण कागदावर दुसऱ्याचे नाव आले की जमीन गेली, ही धास्तीही त्यांनीच मालकांच्या मनात कायमची रुजविली. जुन्या सातबाऱ्यात ‘जमीन करणाराचे नाव’ असा स्वतंत्र रकाना होता. त्यात ‘खुद्द’ हा शब्द निमूटपणे पडू लागला. कसणाऱ्याच्या रक्षणार्थ झालेल्या कायद्याच्या भयाने कसणाराच सरकारी दप्तरातून अदृश्य व्हावा, यासारखी विपरीत गोष्ट नाही. 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची ई-पीक पाहणी सुरू झाली, पण तीही खातेदाराच्याच नावावर होते.

मालकांना सरसकट खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. मुले पुण्याला नोकरीस गेलेली विधवा दोन एकर अर्धेलीने लावते, तेव्हा ती कोणाचे शोषण करीत नसते. तिची भीती घालविणे हा उपायाचा अर्धा भाग आहे. आंध्र प्रदेशाचा अनुभव येथे बोलका ठरावा. तेथे 2011 च्या कायद्याने मालकाच्या सहीवाचून कसणाऱ्याला कर्जपात्रतेचे ओळखपत्र देण्याची सोय केली होती. 2019 च्या नव्या कायद्याने अकरा महिन्यांचे पत्र आणले, मालकी हक्काला त्यापासून बाध नाही असा निर्वाळा दिला. पण मालकाची सही आवश्यक केली. निर्वाळा योग्य होता, सहीची अट मात्र घातक. जो सही देण्यास भितो, त्याच्याच सहीवर सारे अडवून ठेवले गेले.

महाराष्ट्राने यातील इष्ट ते घ्यावे. केवळ आपत्तिसाहाय्य आणि पीकविमा यांपुरता, एका वर्षाचा, कूळहक्क कोणत्याही परिस्थितीत निर्माण न करणारा दाखला विधिमंडळाने कायद्याने मान्य करावा. केवळ शासननिर्णयाने मालकांची धास्ती जाणार नाही. दाखल्यासाठी मालकाच्या सहीऐवजी शेजारच्या दोन खातेदारांची साक्ष आणि ग्रामसभेतील वाचन पुरेसे मानावे. खंडाच्या जमिनीची पीकहानीची रक्कम संपूर्णपणे कसणाऱ्यास आणि बटाईची ठरलेल्या वाट्याने द्यावी. खरडून गेलेल्या जमिनीची भरपाई मालकाचीच राहील.

यात खोटी नावे घुसतील, हा आक्षेप येणारच, आणि तो निराधार नाही. मात्र घरात बसून केलेले पंचनामे महसूल खात्याला अपरिचित आहेत असे थोडेच आहे? कोणाचे शेत कोणी पेरले, हे गावात लपत नाही. म्हणूनच यादी चावडीवर मोठ्याने वाचावी, भिंतीवर लावावी आणि हरकतींना आठ दिवस द्यावेत. मात्र हे काम पुरानंतर हाती घेऊन चालणार नाही, कारण त्या वेळी प्रत्येक नावामागे रक्कम उभी असते आणि भांडण अटळ होते. खरिपाची पेरणी जून-जुलैत आटोपते. यादी ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे यावी.