ढाक्याची अर्धीच गोष्ट

आमच्या सीमाभागात मातृभाषेवर व्याख्यान झाले की २१ फेब्रुवारी १९५२ चा उल्लेख हटकून होतो. ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्यातून पुढे बांगलादेश जन्मला, आणि टाळ्या! उदाहरण खोटे नाही. पण ते नेहमी अर्ध्यावरच थांबते, अशी माझी तक्रार आहे.

सांगितला जाणारा अर्धा भाग सर्वांना ठाऊक आहे. एक धर्म, एक भाषा, एक राष्ट्र ही पाकिस्तानची सरकारी कथा. देशातील निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलत. तरी फेब्रुवारी १९४८ मध्ये धीरेंद्रनाथ दत्त यांनी संविधान सभेत उर्दू-इंग्रजीच्या जोडीला बंगालीलाही स्थान मागितले, तेव्हा पंतप्रधान लियाकत अली खान यांना त्यात फुटीरपणा दिसला. पुढच्याच महिन्यात जीनांनी ढाक्यात बजावले की राज्यभाषा उर्दूच होईल, आणि याविषयी दिशाभूल करणारा तो पाकिस्तानचा शत्रू. (हे भाषण इंग्रजीत झाले आणि वक्त्याचे घराणे गुजराती, ही त्यातली गंमत.) १९५६ च्या संविधानाने बंगालीला मान्यता दिली खरी, पण संख्येने मोठ्या असलेल्या पूर्वेला आणि लहान असलेल्या पश्चिमेला जागा मात्र समसमान ठेवल्या. असा जुळवलेला ताळेबंद किती काळ टिकतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. १९७१ साली तो फाटला.

आता न सांगितला जाणारा भाग. १९७२ मध्ये बांगलादेशाचे संविधान तयार होत होते आणि देशाचे नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील, असे त्यात घातले जात होते. चितगावच्या डोंगराळ प्रदेशाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी हरकत घेतली. आपण चाकमा आहोत, बांगलादेशाचे नागरिक आहोत, पण बंगाली नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे. ते कोणी मानले नाही. लारमा सभागृहाबाहेर पडले. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या भाषेसाठी लाठ्या-गोळ्या खाल्ल्या, त्यांच्याच सभागृहात हे घडले.

या डोंगरी लोकांना पाकिस्ताननेही सोडले नव्हते. कर्णफुली नदीवरच्या कप्ताई धरणाने १९६० च्या सुमारास त्यांच्यापैकी सुमारे एक लाख माणसे उठवली. नव्या देशाकडून त्यांना स्वायत्तता हवी होती; मिळाल्या त्या लष्कराच्या छावण्या आणि मैदानातून आणून वसवलेली कुटुंबे. दोन दशके सशस्त्र संघर्ष चालला. २ डिसेंबर १९९७ रोजी करार झाला, तरी जमिनीचे तंटे राहिलेच. २०११ च्या घटनादुरुस्तीतही नागरिक ‘बांगलादेशी’, पण जनता राष्ट्र म्हणून ‘बंगाली’च, असे लिहिले गेले.

हे मी बांगलादेशाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. दोष उर्दूचा नव्हता, बंगालीचाही नव्हे. ‘आपण सगळे एक’ याचा अर्थ ‘सगळे आमच्यासारखे’ असा लावला गेला, तो लावणाऱ्यांची भाषा तेवढी बदलली. म्हणून ढाक्याचे नाव घ्यायचे तर दत्तांच्या जोडीला लारमांचेही घ्यावे.

बेळगावात १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन असतो. सरकारी कागद मराठीत मागणे हा देशद्रोह नाही, हे मी कुठेही, कुणाही पुढे म्हणेन. पण महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषकांना त्यांचे कागद कोणत्या भाषेत मिळतात, याची चौकशी आमच्या किती वक्त्यांनी केली? हा प्रश्न मी आमच्या गल्लीत विचारला, तर उत्तराऐवजी उलटा प्रश्न आला, “तू नेमका कुणाकडचा रे?”

हाच लेख कन्नडमध्ये लिहून या अंकाच्या कन्नड विभागाकडेही दिला आहे. तिथे फक्त या शेवटच्या भागात जत-अक्कलकोटच्या जागी बेळगाव-खानापूर आणि कन्नडच्या जागी मराठी असे घातले आहे.