सवलत की मोबदला?

मराठी मध्यमवर्गीय माणूस पगारवाढ सहसा मागत नाही. ती त्याला 'मिळते', 'होते', फार तर 'लागू होते'. या तिन्ही क्रियापदांत तो स्वतः कर्ता नसतो. माझीही बरीच वर्षे याच व्याकरणात गेली. 2023 साली ते सोडणे भाग पडले, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

2016 मध्ये मी एका जाहिरातसंस्थेतील नोकरी सोडून पुण्यातल्या एका प्रकाशनगृहात संपादकीय विभागात रुजू झालो. पगार 38 हजारांवरून 29 हजारांवर आला. मित्रांनी वेड्यात काढले. परंतु मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, "आमच्याकडे वेळेचे बंधन नाही. काम मुदतीत झाले म्हणजे झाले." आदल्या वर्षी आईला पक्षाघात झाला होता. तिची अंघोळ, व्यायाम, औषधे, न्याहारी असे सकाळचे सारे उरकून मी साडेअकराला कार्यालयात पोहोचत असे आणि उरलेली मुद्रिते रात्री घरी तपाशीत असे. सात वर्षे हे सुरळीत चालले. मग कारभार मालकांच्या चिरंजीवांकडे गेला, दाराशी अंगठा लावण्याचे यंत्र बसले आणि साडेनऊ ते साडेसहा ही वेळ सर्वांना सक्तीची झाली. महिन्यात तीनदा उशीर झाला की अर्धा दिवस बिनपगारी. सकाळसाठी ब्युरोतून मावशी ठेवाव्या लागल्या. त्यांचे महिन्याचे 8 हजार. पगारपत्रकातला एकही आकडा न बदलता माझा पगार 8 हजारांनी उतरला होता.

चिरंजीवांशी पहिल्यांदा बोललो तेव्हा त्यांना माझे म्हणणे खरोखरच कळले नाही. "अहो सर, काम तेवढेच आहे, तासही तेवढेच आहेत. बाबांनी एक सवलत दिली होती, ती आता सगळ्यांचीच बंद झाली. सवलतीचे कुठे पैसे असतात का?"

सारा वाद त्या एका शब्दात होता. सवलत म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीने मिळालेली सोय. ती देणाऱ्याने काढून घेतली तर तक्रार करता येत नाही, फार तर हळहळता येते. पण मी ती सोय फुकट घेतली नव्हती. दरमहा 9 हजार रुपये कमी घेऊन विकत घेतली होती. 'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे देणे चुकते करणे. माझे देणे काही रोख रकमेत आणि काही मोकळ्या सकाळींत चुकते होत होते, इतकेच.

हा विचार नवा नाही. कामाची सुखावहता वा कष्ट यांचा भाव मजुरीत धरलेला असतो, हे अॅडम स्मिथने 1776 सालीच मांडून ठेवले आहे. अलीकडे, 2017 मध्ये, मास आणि पॅलेस या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी कॉल सेंटरच्या जागांसाठी अर्ज करणाऱ्यांपुढे निरनिराळे पर्याय ठेवून हा भाव मोजला. घरून काम करता यावे म्हणून अर्जदार सरासरी 8 टक्के वेतन सोडायला तयार होते. ऐनवेळी मालक ठरवील त्या वेळी कामावर येण्याची पाळी टळावी म्हणून 20 टक्के. मात्र आपल्या वेळा आपणच ठरवण्याच्या मुभेसाठी बहुतेकांना फारसे काही मोजावेसे वाटले नाही. हा शेवटचा निष्कर्ष माझ्या बाजूचा नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. नियम कडक झाला म्हणून सर्वांचाच पगार वाढावा, असे म्हणता येत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई पहिल्यापासूनच साडेनऊला येत. त्यांचे या नियमाने काहीच गेले नाही. ज्याने त्या मोकळिकीची किंमत मोजली, त्याचाच हा हिशेब आहे.

चिरंजीवांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. माझी रात्री तपासलेली मुद्रिते सकाळी पोहोचेपर्यंत डीटीपी करणारा मुलगा हातावर हात ठेवून बसे, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. नियम करण्याचा त्यांना अधिकार होता. प्रश्न त्याची किंमत कोणी सोसायची, एवढाच होता.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात सेवाशर्ती बदलण्यापूर्वी 21 दिवसांची सूचना देण्याचे बंधन होते, आणि अशा बदलांच्या यादीत कामाच्या तासांबरोबरच रूढ सवलत काढून घेणे हेही होते. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती तरतूद ठेवली. माझ्यासारखा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही, यावर वकील खुशाल वाद घालोत. आपण त्या व्याख्येत नसावे अशीच आपली आतून इच्छा असते, हे खरे दुखणे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि 1890 साली ती मिळवली. वेळ ही मागण्याची गोष्ट आहे, हे त्या कामगारांना कळले होते. आम्ही पांढरपेशे मात्र 'बरे दिसत नाही' म्हणून गप्प राहतो आणि घरी येऊन चिडचिड करतो.

माझी बाजू लंगडी होती ती निराळ्याच कारणाने. नियुक्तीपत्र काढून पाहिले, तर त्यात वेळेबद्दल एक अक्षर नव्हते. इतरांची वाक्येच्या वाक्ये पारखणाऱ्या माणसाने स्वतःच्या पत्रात काय नाही, हे सात वर्षे पाहिले नव्हते!

दुसऱ्या भेटीला कागद घेऊन गेलो. आईचे आजारपण त्यात मुद्दाम लिहिले नाही. दयेवर मिळालेली वाढ ही पुन्हा सवलतच झाली असती. जुना पगार, नवा पगार, तेव्हाचे बोलणे आणि आताची वेळ, एवढेच चार ओळींत मांडले. चिरंजीवांनी वडिलांना फोन लावला. वडिलांना ते बोलणे आठवत होते, हे माझे नशीब. अर्ध्या तासाने 4 हजारांची वाढ ठरली, आणि मंगळवारी व गुरुवारी अकराला येण्याचे. तसे पत्रही त्याच दिवशी टंकून आले. त्यात 'मुभा देण्यात येत आहे' असे होते. मी ते खोडून 'कामाची वेळ राहील' असे केले आणि सहीसाठी परत पाठवले.