क्षारपड जमीन, मासे व विद्यार्थ्यांचें संशोधन

मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी काचेच्या टाक्यांत मासे ठेवितात, पाण्यांत थोडथोडें मीठ वाढवितात आणि कोणता मासा कोठवर तग धरतो याची नोंद करितात, हें ऐकून आमच्या माळशिरस तालुक्यांतील कांहीं बागाइतदार हंसतात. समुद्र येथून कोठें, आणि असल्या प्रयोगांशीं आमचा संबंध काय, असें ते विचारतात. आमच्या मतें संबंध फार निकटचा आहे. नीरा उजव्या कालव्याखालीं उसाला पाणी देतां देतां, निचऱ्याची तजवीज न केल्यामुळें, ज्या जमिनी चोपण व क्षारपड झाल्या, त्यांवर उन्हाळ्यांत पांढरा थर चढतो. उताऱ्यावर जमीन बागाईत. प्रत्यक्षांत तेथें कुसळहि उगवत नाहीं! अशा ठिकाणीं तळें खणून मासे पाळावेत काय, या प्रश्नाचें उत्तर प्रयोगावांचून मिळणार नाहीं.

गोड्या पाण्यांतील माशाच्या अंगांत क्षार अधिक व बाहेर कमी; म्हणून पाणी सारखें आंत शिरतें व तो पुष्कळ पातळ मूत्र टाकून समतोल राखतो. पाणी फार खारें झालें कीं हा व्यवहार उलटतो. मग पाणी पिऊन जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकावा लागतो. ज्यास तें साधत नाहीं तो मरतो, व जगला तरी त्याची शक्ति त्यांतच खर्ची पडते. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. रोहू-कटल्यास त्याचा लहानसा अंशच सोसतो. चिलापी मात्र तेवढ्या खारटपणांतहि राहते. परंतु चार दिवसांच्या परीक्षेंत मासा मेला नाहीं म्हणजे तो वाढतो असें नव्हे, आणि वाढला म्हणजे अंडीं घालतो असेंहि नव्हे.

आमची तक्रार निराळीच आहे. टाकींतलें पाणी बहुधा समुद्राच्या मिठाचें असतें. आमच्या विहिरींतील क्षार त्याच प्रमाणांत असतील असें धरून चालतां येत नाहीं. हरयाणांत रोहतकजवळ लाहली येथें मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचें केंद्र आहे. त्या भागांतील जमिनीखालचें पाणी खारेपणांत समुद्राच्या पाण्याशीं जुळविलें तरी त्यांत पालाश कमी पडतो, व तो बाहेरून घातल्याशिवाय कोळंबी नीट जगत नाहीं, असें आढळून आलें. मग टाकींतला आंकडा आमच्या तळ्यास सरसकट कसा लागूं करावा? शिवाय टाकींत क्षारता एकसारखी ठेवितां येते. आमच्या तळ्यांत वैशाखांत पाणी आटून ती चढेल, आणि मृगाच्या सरींनीं झपाट्यानें उतरेल.

प्रजोत्पादनाचा प्रश्न आम्हांस सर्वांत नाजूक वाटतो. रोहू-कटला साध्या तळ्यांत आपोआप अंडीं घालीत नाहींत. 1957 सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या वर्गांतील माशांकडून अंडीं मिळविलीं, तेव्हांपासून बीजनिर्मितीचा मार्ग खुला झाला. चिलापीचें उलट. ती 1952 सालीं भारतांत आणिली गेली. मादी अंडीं तोंडांत उबविते, पिल्लें दोन-तीन महिन्यांचीं झालीं कीं तींहि त्याच उद्योगास लागतात, आणि तळें खुज्या माशांनीं भरतें. उजनी जलाशयांत तिनें काय केलें तें तेथील मच्छीमारांस विचारावें. आमच्या तळ्याचा बांध फुटला तर ती ओढ्यावाटे नीरेंत जाईल, व नरसिंहपूरच्या संगमावरून भीमेंत.

आनुवंशिकतेचें काम धिमें असतें. भुवनेश्वरच्या मत्स्यसंस्थेनें नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसह 1992 पासून निरनिराळ्या नद्यांतील रोहू जमवून निवड चालविली. पिढीमागें वाढींत सरासरी 17 टक्के भर पडली व 'जयंती रोहू' तयार झाला. खिलार वळू पारखून घेणाऱ्यांस ही रीत समजावून सांगावयास नको. क्षार सोसणारीं कुळें अशीच निवडतां येतील काय, हें पाहण्यास मात्र एका विद्यार्थ्याची दोन वर्षें पुरणार नाहींत, कारण रोहूला वयांत येण्यासच सुमारें तेवढा काळ लागतो. एकानें जमविलेलीं कुळें त्याच्या मागून येणाऱ्यानें सांभाळलीं पाहिजेत, व तशी व्यवस्था संस्थेनें ठेविली पाहिजे.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयानें आपले विद्यार्थी इकडे धाडावे, आणि ज्येष्ठांत व मार्गशीर्षांत आमच्याच विहिरींचें पाणी नेऊन प्रयोग करावे, अशी आमची सूचना आहे. बागाइतदारांनीं पडीक तुकडा देण्यास हात आंखडूं नये. मात्र जी जमीन चर खणून अजून सुधारण्याजोगी आहे तींत तळें खणूं नये. आणि शेजाऱ्याची संमति आधीं लेखी घ्यावी, कारण खाऱ्या तळ्याचा पाझर बांधाची हद्द पाहत नाहीं.